एजेला किती मार्क पडले

"झोपेचं विचारलं तर सात तास," आजी म्हणाली. "सगळ्यांनी सातच म्हणायचं. एकानं सहा, एकानं आठ, असला गोंधळ नकोय मला."

रविवारची सकाळ होती. मेंढी कापून झाली होती, कातडं कुंपणावर पडलं होतं, आणि आजी कढईपाशी उभी राहून आमच्याकडून उत्तरं घोकून घेत होती. काराकोलहून डॉक्टर तुर्सुनाय येणार होत्या. मनाच्या डॉक्टर. माझ्या आत्याला तपासायला.

"आणि भिंतीचं विचारलं तर?" बाबा म्हणाले.

"कसली भिंत? भिंतीवर लोकरीचा नमदा टांगलाय. नमद्याचं कोणी विचारत नाही."

"आणि शुक्रवारचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कांदा चिरत होते हे एक बरं होतं, डोळ्यांना पाणी यायला कारण होतं.

शुक्रवारचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी टाळाटाळ करीन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

शुक्रवारी शाळेची 'शेवटची घंटा' होती, म्हणजे वर्षअखेरचा समारंभ. पांढरे एप्रन, केसांत भोपळ्याएवढ्या पांढऱ्या फिती, पटांगणात सगळं गाव, आणि सूत्रसंचालन करत होते मी! गेल्या वर्षापर्यंत मला फळ्यापाशी बोलावलं की माझे गुडघे एकमेकांवर आपटायचे. मला बोलायला शिकवलं एजेनं. एजे म्हणजे कालिचा, बाबांची धाकटी बहीण, आमच्याच शाळेत भूगोल शिकवते. एप्रिलपासून ती मला रोज तळ्याच्या काठी न्यायची आणि म्हणायची, "ओरड, आयझिरेक! समोरच्या काठाला ऐकू गेलं पाहिजे!" समोरचा काठ साठ किलोमीटरवर आहे. मी ओरडायचे. माझा आवाज असा काही फुटला की मग मला गप्प करणं अवघड झालं, आणि एजे टाळ्या पिटत वाळूत नाचायची. असली आत्या गावात दुसऱ्या कोणालाच नाही, म्हणून मी फुगून जायचे. ती आजारी पडत चालली आहे हे मला कळत नव्हतं. थोडं कळत होतं.

तर हेडमास्तर सोवेतबेक यांचं भाषण चालू असताना एजे स्टेजवर आली आणि तिनं हात पुढे केला. माझ्याकडे दोन माइक होते. एक मी तिला दिला. ती टेबलावर चढली, बूट काढून फेकले, आणि एकेका पालकाकडे बोट दाखवून त्याचा 'भूगोल' सांगू लागली. कोणी कोणाचा पाट आपल्या शेतात वळवलाय, कोणाचा मुलगा कोणाच्या वहीवरून पास झालाय. लोक पोट धरून हसले. मग म्हणाली, सोवेतबेक माझ्यावर मरतात, पण बायकोला घाबरतात. मग म्हणाली, तळ्यानं मला सांगितलंय, मागच्या टेकडीवर विद्यापीठ बांध, जगाचा मध्य तिथंच आहे. तोवर हसणं बदललं होतं. मला ते ऐकू आलं, अगदी शपथेवर सांगते. तरी दुसऱ्या माइकमधून मी ओरडले, "आणखी, एजे! आणखी!"

त्याचा व्हिडिओ आहे. तो पार राजधानीत, बिश्केकपर्यंत पोचलाय. त्यात एजेचा अनवाणी डावा पाय अगदी जवळून दिसतो. तीन बोटांचा.

उरलेली दोन बोटं सात वर्षांपूर्वी गेली. तेव्हाही असाच एक डॉक्टर आला होता, अशीच मेंढी कापली होती, सगळ्यांनी गोड गोड उत्तरं दिली होती, आणि त्यानं 'अतिश्रम, विश्रांती घ्यावी' असं लिहून दिलं होतं. त्यानंतर अकराव्या दिवशी, नोव्हेंबरात, एजे बाबांना कोचकोरच्या बाजारात सापडली. बर्फात अनवाणी उभी राहून लोकांना रस्ते समजावत होती. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. 'त्या वर्षी थंडी फार होती' एवढंच म्हणतात.

"शुक्रवारचं मी बघते," मी कांदा चिरता चिरता म्हणाले.

"शाबास," आजी म्हणाली.

आईनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. ती बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळत होती. सासूसमोर सुनेनं मत द्यायचं नसतं, आणि माझ्या आईनं सोळा वर्षांत ते दिलेलं नाही.

*

डॉक्टर यायच्या आधी आजीनं एजेला न्हाऊ घातलं, ओठांचा लाल रंग साबणानं घासून काढला, तपकिरी झगा गळ्यापर्यंत बंद केला आणि डोक्याला रुमाल बांधला.

"बघायला येताहेत का मला?" एजे म्हणाली. "चालेल. पण नवरा मी निवडणार. दोन निवडणार, एक सुट्टीपुरता!"

मी हसले. हसायचं नाही असं ठरवलं होतं, तरी हसले.

"कालिचा, बाळा," आजी तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "एक तास. फक्त एक तास गप्प बस. मग आपण टेकडीवर जाऊ, तुझी विद्यापीठाची जागा बघायला."

"खरंच?"

"खरंच."

आजी खोटं बोलली हे मला कळलं, आणि एजेला कळलं नाही. एरवी ती आमची चोरी एका भुवईवरून पकडते.

डॉक्टर तुर्सुनाय पन्नाशीच्या, ठेंगण्या, एका मोज्याला रफू. त्यांनी बूट दाराशी काढले. बोळात आईनं तांब्यातून त्यांच्या हातांवर पाणी घातलं, मी टॉवेल दिला. आत आजीनं त्यांना मानाच्या जागी, नमद्याला पाठ लावून बसवलं.

त्यांनी दोनदा हुंगलं. "रंगाचा वास येतोय."

"सणासाठी दिलाय," आजी म्हणाली.

"कुठला सण?"

"येईल की एखादा."

डॉक्टरांनी पोळीचा कपटा मोडून तोंडात टाकला, कारण तेवढं तर खायलाच हवं, आणि बाकीची ताटं हातानं मागे सारली. मग एक कागद काढला. "अकरा प्रश्न आहेत," त्या म्हणाल्या. "मिळून साठ मार्क. जितके जास्त, तितकं दुखणं जोरावर. काही मी माझ्या डोळ्यांनी बघून देईन, काही तुमच्या सांगण्यावरून. म्हणून खरं सांगा. गेल्या दोन-तीन दिवसांतलंच सांगा. झोप किती आहे?"

"सात तास!" आजी, बाबा आणि मी एकदम म्हणालो. शाळेत पाढे म्हणतात तसं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिघंही घड्याळ लावून बसता वाटतं?"

एजे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. नखांतला निळा रंग साबणानं निघाला नव्हता. तिचा पाय झग्याखाली शिलाई मशीनसारखा चालला होता, पण तोंड बंद होतं. टेकडीसाठी.

"बोलणं वाढलंय?"

"मास्तरीण आहे हो, बोलणारच," बाबा म्हणाले.

"चिडचिड?"

"हिची?" आजी म्हणाली. "मुंगी चिरडली तर जेवत नाही ही."

"ताई, तुम्ही सांगा," डॉक्टर एजेकडे वळल्या. "कसं वाटतंय?"

"छान." एजेनं ओठ आत ओढून घेतले. एवढा एकच शब्द बोलायला तिला केवढे कष्ट पडले!

पुढच्या प्रश्नाआधी डॉक्टर बाबांना म्हणाल्या, "जरा घोड्याला पाणी दाखवून येता का?" बाबा इतक्या घाईनं उठले की एक चप्पल दाराशीच राहिली. मग डॉक्टरांनी पुरुषांबद्दलचा प्रश्न विचारला. तिचं लक्ष तिकडे वाढलंय का, भलतं काही बोलते का.

"आमच्या घरातल्या बायकांना तसलं काही नसतं," आजी म्हणाली.

एजेनं रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

बाबा परत आले. "आता शुक्रवार," डॉक्टर म्हणाल्या. "शाळेत काय झालं?"

मी उठून उभी राहिले. उभं राहायची काहीच गरज नव्हती, पण मला तशी सवय लागलीय. "ते नाटुकलं होतं!" मी म्हणाले. "मी लिहिलेलं! एजेनं फक्त काम केलं. गावकऱ्यांचा भूगोल, असा विनोदी कार्यक्रम होता. लोकांना कळलंच नाही, त्याला आम्ही काय करणार? सोवेतबेक सरांचं वाक्यसुद्धा माझंच. चुकलं असेल तर मला बोला." आणि मी हात असे पसरले, जसे एजेनं शिकवले होते, तळवे वर, बोटं जुळलेली.

काय सुंदर खोटं बोलले मी! बाबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. आजीनं बोरसोकची अख्खी वाटी माझ्यापुढे सरकवली. डॉक्टरांनी कागदावर एक बारीकसा आकडा लिहिला.

"इतकं छान बोलायला कोणी शिकवलं?"

"एजेनं," मी म्हणाले.

मी एजेकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती डोळा मारेल. पेपरात शेजारचं बघून लिहिणाऱ्या मुलीकडे ती जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत होती.

*

पुढचं मला आईनं सांगितलं. मी तेव्हा आत बसून साय लावून बोरसोक खात होते.

आजीनं आग्रहानं वाढलेल्या जरदाळूच्या मुरंब्यानं हात चिकट झाले म्हणून डॉक्टर उठल्या. आई तांब्या आणि घमेलं घेऊन मागोमाग बोळात गेली.

"सावकाश ओत," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "नाव काय तुझं?"

"गुल्झिना."

"पहाटे गाईंचं दूध कोण काढतं?"

"मी."

"किती वाजता?"

"चार."

"तेव्हा ती काय करत असते?"

धार वाकडी झाली. "मी सून आहे," आई म्हणाली. "आतल्यांना विचारा."

"मीही कोणाची तरी सून आहे, बाई. आतल्यांच्या हिशेबानं नऊ मार्क होताहेत. नवात मी विश्रांती लिहून देते आणि घरी जाते."

आईला मागचा डॉक्टर आठवला. त्यानं जाताना आजीनं भरून दिलेला मटणाचा डबा काखेत मारला होता. त्यानंतर तीन महिने त्या पायाला पट्टी बांधायचं काम आईकडे होतं. पहिल्या दिवशी पट्टी सोडताना तिनं स्वतःच्या दंडाला चावा घेतला होता, ओरडू नये म्हणून. त्याची खूण अजून आहे. मी लहानपणी तिला विचारलं होतं, तर गाईनं मारलं म्हणाली होती.

"घरातल्या रजयांच्या घड्या मी घालते," आई तांब्याकडे बघत म्हणाली. "आमच्या एर्केच्या रजया मंगळवारपासून घडीच्या घडीत आहेत."

एर्के म्हणजे लाडकी. सासरच्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नसतात, म्हणून आई लग्न होऊन आल्या दिवसापासून एजेला एर्के म्हणते.

"पाच रात्री," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी?"

"आणखी पुष्कळ."

"आत सगळ्यांसमोर सांगशील?"

"नाही."

"बघ. मी हे मनात ठेवीन, मार्कही वाढवीन. पण तिला न्यायचं झालं तर घरचं कोणीतरी सोबत लागतं, ज्यानं डोळ्यांनी बघितलंय आणि जे तोंडानं सांगेल. बोळात सांगितलेलं तिथं चालत नाही."

घमेलं भरलं होतं. आईनं टॉवेल पुढे केला आणि मान खाली घालून आत आली. आत येताना तिला इतकी लाज वाटली, असं ती म्हणाली, की जणू तीच चोरी करून आली होती. मला ते ऐकून कसंतरी झालं. चोरी मी केली होती आणि मी बोरसोक खात होते.

*

आजीच्या मनात काय चाललं होतं ते मला जुलैत कळलं, आम्ही दोघी जरदाळू फोडून वाळत घालत होतो तेव्हा. तिनं आपणहून सांगितलं, म्हणून लिहिते.

मटण आलं. खुब्याचं मानाचं हाड आजीनं स्वतःच्या हातानं डॉक्टरांपुढे ठेवलं. आपली मेंढी खाल्लेलं माणूस आपल्या घराविरुद्ध लिहीत नाही, हा तिचा साठ वर्षांचा अनुभव. गावाची लाज तिला होतीच, पण ती खरी घाबरली होती एका प्रश्नाला. आणि तो आलाच.

"घरात आधी कोणाला असं झालं होतं?"

"नाही."

डॉक्टरांच्या डोक्यावर, नमद्याच्या बाजूला, आजोबांचा घोड्यासह फोटो आहे. आम्ही सगळे त्या फोटोची गोष्ट ऐकत वाढलो. एका उन्हाळ्यात आजोबांनी चार दिवसांत अकरा घोडे वाटून टाकले. ज्याच्या तंबूत गेले तिथं गात बसले, तीन रात्री पापणी मिटली नाही. अजून कुठल्या कुठल्या डोंगरातून म्हातारे येतात आणि म्हणतात, काय दिल होतं त्याचं! मी पाचवीत त्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलंय. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आजीनं कोणालाच सांगितला नव्हता. त्याच हिवाळ्यात आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले ते एप्रिलपर्यंत, आणि आजी त्यांना चमच्यानं भरवत होती.

'हो' म्हटलं असतं तर तो मोठा दिल डॉक्टरांच्या कागदावरची एक ओळ होऊन बसला असता.

"कोणालाही नाही," आजी पुन्हा म्हणाली. "आमच्याकडे सगळे धडधाकट. तुम्ही खा ना."

"आई!" एजे उडालीच. "बाबांचे अकरा घोडे सांग ना! डॉक्टर, अकरा! माझ्यात तेच रक्त आहे, मी तर अकराशे देईन, मला फक्त घोडे आणून द्या!" तास संपायला वीस मिनिटं होती, पण धरण फुटलं होतं. घोडे, तळं, विद्यापीठ, सोवेतबेक, पुन्हा घोडे, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. बोलता बोलता तिनं डॉक्टरांच्या मांडीवरचा कागद उचलला आणि मास्तरणीच्या नजरेनं वरून खाली वाचला.

"नऊ?"

कागद परत घेण्यासाठी डॉक्टरांनी हात पुढे केला नाही.

"साठात नऊ? मला?" एजेचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या वर्गात नऊवाला बाकावर उभा राहतो! कोणी तपासलाय हा पेपर? झोप सात तास? कोण म्हणालं सात तास? मी झोपतच नाही! मला लागतच नाही झोप! हिला विचारा!" तिनं आईकडे बोट केलं. "ही रोज चारला बादली घेऊन येते आणि पोलिसासारखी माझ्याकडे बघत उभी राहते! विचारा! आणि हे? ह्याला किती मार्क देता?"

तिनं नमद्याला हिसका दिला. दोन खिळ्यांसकट तो खाली आला, डॉक्टरांचे खांदे झाकले गेले.

भिंतभर जगाचा नकाशा. शनिवारी उजाडायच्या आत काढलेला, ओला, निळाशार, मधोमध आमचं गाव आणि जगातली प्रत्येक नदी वाट वाकडी करून आमच्याकडे येणारी. सुंदर होता. आजही मी तेच म्हणेन.

बाबा तिला धरायला उठले. तिनं चहाची वाटी भिरकावली, ती त्यांच्या कानाजवळून गेली आणि आफ्रिकेवर फुटली.

भिंतीवरून चहा ओघळत होता. मग आजी अगदी हळू आवाजात म्हणाली, "सूनबाई. काय बघितलंस तू?"

तो प्रश्न नव्हता. 'काही बघितलं नाही' असं म्हण, असा हुकूम होता तो.

आईनं चहाची किटली खाली ठेवली.

"कालिचा मंगळवारपासून झोपलेली नाही," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मी बघितलं. तिनं नाव घेतलं होतं. सासूच्या तोंडावर, पाहुण्यांसमोर, नणंदेचं नाव. तिच्या गळ्यापर्यंत लाली चढली, पण ती थांबली नाही. "बुधवारी कालिचानं माझ्या अंगावर कुदळ उगारली, कारण मी जेवायला बोलावलं. गुरुवारी पाच झगे बदलून ती सोवेतबेकच्या दारात जाऊन बसली. त्याची बायको तिला घेऊन आली, कोणाला सांगितलं नाही तिनं, चांगली बाई आहे. तळं आपल्याशी बोलतं असं ती मला चारला सांगते. ते काय म्हणतं तेही सांगते. काल म्हणालं, चालत ये."

"हिनं माझं नाव घेतलं," एजे पुटपुटली. तिचा सगळा आवाज कुठे गेला कोण जाणे. "ऐकलंत? वहिनीनं माझं नाव घेतलं."

डॉक्टर खांद्यावरचा नमदा बाजूला करत होत्या. "छान," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू ते नाटुकलं लिहिलंस ना? वही आण. मला वाचायचंय."

मी उभी राहिले. पण आता तळवे वर होईनात. तोंड उघडलं तर गेल्या वर्षीसारखी नुसती हवा आली, आणि गुडघे, तेच जुने गुडघे, एकमेकांवर आपटले.

"वही नाही," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल."

"वही नाही! मी काही लिहिलं नव्हतं. तिनं माइक मागितला आणि मी दिला. लोक कसे हसताहेत ते मला कळलं होतं. मी आणखी म्हणाले." मग मी फोन काढून व्हिडिओ लावला, कारण माझ्या शब्दांवर माझाच विश्वास उरला नव्हता. सगळ्यांनी तो आधी पाहिला होता, एकेकट्यानं, कोपऱ्यात. एकत्र बसून पहिल्यांदाच पाहत होते. तीन बोटांचा पाय, मागे लोक, आणि त्या सगळ्यांवरून कसा खणखणीत, कसा आनंदात, माझा आवाज. आणखी, एजे! आणखी!

"एप्रिलपासून मला माहीत होतं," मी म्हणाले. "तळ्याकाठी ती जेवायची नाही, बसायची नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही तिला न्याल असं वाटलं. आणि मग मला कोण शिकवणार?"

कोणीतरी रागावेल म्हणून मी थांबले. कोणीच रागावलं नाही. बाबा जमिनीवरचे वाटीचे तुकडे गोळा करत होते, एकेक, आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला. पुन्हा अकरा प्रश्न. या वेळी झोपेचं आईनं सांगितलं, बोलण्याचं मी सांगितलं, चिडचिडीचं बाबांनी. पुरुषांबद्दलच्या प्रश्नाला बाबा उठून गेले नाहीत, नुसते भिंतीवरच्या समुद्राकडे बघत राहिले.

"छत्तीस," डॉक्टर म्हणाल्या. "आजच न्यायला हवं."

"थांबा," आजी म्हणाली. तिच्यापुढचं मटण तसंच होतं, वर पांढरी चरबी धरली होती. "अकरा घोडे लिहा. आणि त्यानंतरचा हिवाळा लिहा. सगळा हिवाळा."

*

बाबांनी गाडी दाराशी आणली. एजे कोणाबरोबर जाणार नाही म्हणाली, मग म्हणाली, जिनं नाव घेतलं तिच्याबरोबर जाईन. आईनं रजयांची घडी गाडीत ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

निघण्याआधी हात धुवायचे होते. हाताला चरबी होती, चहा होता, रंग होता. मी तांब्या घ्यायला गेले तर तो आजीच्या हातात होता. थोरल्यानं धाकट्याच्या हातावर पाणी घातलेलं मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी टॉवेल धरला.

"किती पडले?" एजेनं मला विचारलं.

"छत्तीस."

"साठात छत्तीस!" तिचा चेहरा उजळला. "म्हणजे पास!"

अगदी जिभेवर आलं होतं, हो एजे, पास. तिला किती आवडलं असतं!

"इथं कमी पडावे लागतात, एजे," मी म्हणाले.

"हा कसला पेपर!" ती खवळली आणि तिनं दोन्ही ओले हात जोरात झटकले. निळे शिंतोडे माझ्यावर उडाले, दारावर उडाले, आजीच्या तोंडावर उडाले. धुतलेले हात झटकले की घरातलं चांगलं निघून जातं, यावरून आजीनं आम्हाला आयुष्यभर फटके दिलेत. मी डोळे मिटून घेतले.

"अजून निळं आहे," आजी म्हणाली. गालावरचा थेंब तिनं पुसला नव्हता. "धर हात."

एजेनं हात धरले. आजीनं दुसऱ्यांदा पाणी घातलं, मग तिसऱ्यांदा. मी टॉवेल पुढे केला. हात पुसता पुसता एजे माझ्या कानाशी वाकली, तळ्याकाठी वाकायची तशी.

"व्हिडिओत तुझा आवाज फार छान आलाय," ती म्हणाली. "समोरच्या काठाला नक्की ऐकू गेला असेल."